डोक्याचं तेल

जानेवारीत आमच्या गॅलरीच्या कठड्यावर सकाळी आठच्या सुमाराला ऊन येतं. समोर बारा मजली इमारत उभी राहिल्यापासून ते वीतभरच येतं आणि तासाभरात सरकतं. तेवढ्या वेळात खोबरेलाची बाटली तिथं नेऊन ठेवायची, हे काम आईनं आजवर कुणाला दिलेलं नाही. ऐंशी पार केली, गुडघे बोलतात, पण बाटली तीच ठेवणार आणि दर पाच मिनिटांनी उभी-आडवी करून बघणार. आधी कडेकडेनं सुटतं, मग मधला पांढरा गोळा हलायला लागतो. गोळा सुपारीएवढा उरला की ती आत हाक मारते, "सुटलं गं!"

खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. चिंचवडला थंडीत रात्रीचा पारा दहा-बारापर्यंत उतरतो, म्हणजे दिवाळी मागं पडली की बाटलीच्या घशाला बूच बसलंच. आमच्या घरात थर्मामीटर कधी नव्हता, बाटली होती. कडेला पांढरी रेघ दिसली की माळ्यावरून स्वेटर काढायचे, आणि फेब्रुवारीत कधीतरी सकाळीच ते पाण्यासारखं डुचमळलं की गोधड्या धुवायला काढायच्या. वेधशाळेचं चुकलं असेल, बाटलीचं नाही.

या तेलाला आमच्याकडे नाव होतं 'डोक्याचं तेल'. खोबरेल हा शब्द पुस्तकातला आणि वाण्याच्या पाटीवरचा. आई मूळची साताऱ्याकडची. तिच्या लेखी तेलं दोन : एक पोटाचं, एक डोक्याचं. पोटाचं म्हणजे करडईचं किंवा शेंगदाण्याचं, ते चुलीजवळच्या बरणीत. डोक्याचं तेल आरशाखालच्या फळीवर, फणी, कुंकवाचा करंडा आणि अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, दाढीच्या सामानाशेजारी. या दोन तेलांची गाठ पडत नसे. स्वयंपाकघर आणि आरसा यांत आमच्या मोहननगरच्या खोलीत अंतर असेल आठ फूट, पण ते आठ फूट ओलांडायची कुणाची टाप नव्हती. एकदा लहान भावानं डोक्याचं तेल कढईत ओतून 'पापड तळतो' म्हणून खेळ मांडला, तर आईनं कढई राखेनं तीनदा घासली. तेल बाटलं नव्हतं, कढई बाटली होती.

डोक्याचं तेल नुसतं डोक्याला लागे असंही नाही. रविवारी सकाळी आम्ही तिघी बहिणी एकीमागे एक अशा बसायचो. आई सर्वांत मागे, थोरली मधल्या बहिणीच्या डोक्यावर, मधली माझ्या. आगगाडीच. तेल जिरवायचं म्हणजे नुसतं लावायचं नाही, बोटांच्या पेरांनी मुळाशी मुरवायचं. माझ्या वाट्याला मधलीची नखं यायची. मग घट्ट दोन वेण्या, वर बांधलेल्या लाल रिबिनी, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंच्या समोर तेल कपाळावर उतरलेलं. धाकटा झाला तेव्हा महिनाभर त्याची टाळू भरली जायची : तळव्यावर कोमट तेल घेऊन बाळाच्या माथ्यावर मधोमध थापायचं आणि ते आत जाईतो हात हलवायचा नाही. टाळू भरायला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, पोर तेल पितंय बघा. थंडीत ओठ फुटले की बेंबीत तेलाचं बोट. ओठ फुटलेत तर बेंबीत का, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. उत्तर आलं, "घाल म्हटलं की घालायचं." आणि दप्तराची चेन अडकली, कुलूप कुरकुरलं, बोटातली अंगठी निघेना, सगळ्याला तेच बोट.

सगळ्यात जास्त डोक्याचं तेल लागायचं मात्र अण्णांच्या हातांना.

अण्णा बेअरिंगच्या एका कंपनीत टर्नर होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीत १९५४ मध्ये उभा राहायला लागला, पुढच्या दशकात एमआयडीसी आली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती तिथं शेड उठल्या. त्या शेडींतून माणसं संध्याकाळी जी बाहेर पडत, त्यांच्या अंगाला एक ठरावीक वास असे. कटिंग ऑइल, कूलंट, ग्रीस, आणि लोखंडाच्या चुऱ्याचा आंबूस वास. आमच्या चाळीत कोणाचा बाप कोणत्या खात्यात आहे हे आम्ही मुलं डोळे मिटून सांगू शकत असू. अण्णा फर्स्ट शिफ्ट करून आले की मोरीपाशी उकिडवे बसत. आधी डोक्याचं तेल तळहातावर, मग बोटांच्या फटींत, नखांच्या कडांना, मनगटापर्यंत चोळत. पांढरट तेल काळं होत जाई. मग कंपनीतून आणलेल्या कॉटन वेस्टनं पुसायचं, आणि त्यानंतर साबण. साबणानं आधी धुतलं तर काळं आत बसतं, तेलाला तेलच बाहेर काढतं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं तेव्हा मी तिसरीत होते. पुढं रसायनशास्त्रात तेच वाचलं तेव्हा काही नवं वाटलं नाही. सकाळी निघतानाही ते हातांना तेलाचा हात फिरवूनच निघत. कूलंटमध्ये दिवसभर हात बुडवणाऱ्यांच्या बोटांना खाज सुटायची, कातडी तडकायची. तेलाचा थर असला की जरा कमी. कंपनीचं तेल आणि घरचं तेल यांची रोज त्यांच्या तळहातावर झटापट चालत असे आणि निदान रात्रीपुरतं तरी घरचं जिंकत असे.

आणि मग १९८० च्या हिवाळ्यात शेजारच्या खोलीत चेची आली.

तिचं नाव आम्ही कधी घेतलं नाही. तिची धाकटी बहीण तिला 'चेची' म्हणे, म्हणजे मोठी बहीण, आणि तेच ऐकून सगळी चाळ म्हणायला लागली. माझी आई तिच्यापेक्षा बरीच मोठी, तीही तिला 'थोरल्या बहिणी' अशी हाक मारायची आणि ती उलट आईला 'ताई' म्हणायची. दोघी एकमेकींच्या थोरल्या. नवरा पेनिसिलीनच्या कारखान्यात, गाव पालक्काड. महापालिका व्हायला अजून दोन वर्षं होती, चिंचवड 'गाव' आणि चिंचवड 'स्टेशन' यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा होती, आणि थंडी आजच्यापेक्षा खूप बोचरी होती, असं निदान आई म्हणते.

येऊन आठवडा झाला असेल. सकाळी सकाळी चेची बाटली घेऊन आमच्या दारात, डोळ्यांत पाणी. वाण्यानं फसवलं. तेलात डालडा मिसळलाय. अर्धं मल्याळम, अर्धं मोडकं हिंदी, पण 'डालडा' स्पष्ट. बाटली पांढरीफटक. आईनं ती हातात घेतली, हसली, आणि कठड्यावर उन्हात ठेवली. दोघी तिथंच उभ्या राहिल्या. अर्ध्या तासानं तेल सुटलं तेव्हा चेची बघतच राहिली. तेवीस वर्षांची होती. जन्म नारळाच्या झाडाखाली गेला होता, आणि खोबरेल गोठतं हे तिला चिंचवडनं शिकवलं.

त्याच दिवशी दुपारी तिच्या घरातून वास आला.

कसा सांगू? डोक्याचं तेल तापल्याचा वास. आमच्या नाकाला तो वास म्हणजे उशीचे अभ्रे, शाळा, रिबिनी, बाळाची टाळू. तो वास अन्नातून आला, तर पोटात कालवाकालव झाली. त्यात कढीपत्ता तडतडत होता, म्हणजे खोबरेलाची चक्क फोडणी. मी आणि मधली बहीण धावत चाळीच्या टोकापर्यंत गेलो आणि जी भेटेल तिला सांगितलं, "ती लोकं डोक्याचं तेल खातात!" संध्याकाळपर्यंत ही बातमी स्टेशनपर्यंत पोचली असावी. ही आठवण आता लिहितानाही कानशिलं तापतात, कारण चेचीला ते कळलं होतं. तिनं एका शब्दानं दाखवलं नाही. दोन दिवसांनी केळफूल आणून आईच्या पुढ्यात बसली. चिकानं हात काळे होऊ नयेत म्हणून बोटांना तेल लावलं, आईच्याही बोटांना लावलं, आणि दोघी निवडत बसल्या. आईलाही हे माहीत होतंच. फणस चिरताना विळीला आणि हाताला डोक्याचंच तेल लावतात. म्हणजे आमच्याकडेही ते स्वयंपाकघरात येत होतं की! फक्त विळीपर्यंत. पातेल्यात नाही.

खरं तर एवढं नाक मुरडायचं आम्हाला कारण नव्हतं. सह्याद्री उतरलं की आमच्या शेजारीच ते पातेल्यात होतं. गोव्यात आणि कारवारकडे सारस्वतांच्या घरी आमटी-हुमण उतरवल्यावर वरून खोबरेलाची धार पडते. कोकणात ओल्या नारळाचं दूध आटवून काढलेलं आवेल घरोघरी असे, बाळाच्या अंगाला आणि भाजलेल्या जागेला. पण सह्याद्री चढून वर आलं की नारळ देवापुरता राहतो आणि खोबरं वाटणापुरतं. चिंचवडच्या तर नावातच चिंच आहे आणि वड आहे. नारळाला जागा नाही. मोरया गोसावींच्या देवळाबाहेर पाट्यांवर रचलेले नारळ पाहिले की वाटतं गावात केवढ्या बागा असतील, पण तो प्रत्येक नारळ ट्रकमधून दक्षिणेतून आलेला असतो, चेचीसारखाच.

भाषेनं मात्र हा भेदभाव केलेला दिसत नाही. एरंडाचं ते एरंडेल, तिळाचं तिळेल, कोकणात भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या बियांचं ते भिरंडेल, तसं खोबऱ्याचं खोबरेल. शेपटीतला 'एल' म्हणजे तेलच. त्या हिशेबानं 'खोबरेल तेल' म्हणणं म्हणजे तेल दोनदा म्हणणं. पण सगळे म्हणतात, मीही म्हणते. आणि गंमत पुढंच आहे. मुळात 'तेल' हा शब्दच तिळावरून आला. तेव्हा 'खोबऱ्याचं तेल' हे मुळाशी जाऊन वाचलं तर होतं खोबऱ्याचं तिळाचं. शब्दांना कुठल्या फळीवर ठेवायचं हे कुणी ठरवलेलं नसतं, ते सांडतातच.

डोक्याचं की पोटाचं, हे भांडण आमच्या चाळीपुरतं असेल असं मला वाटत होतं. ते दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात पोचलेलं आहे हे कळलं तेव्हा मी आईला वाचून दाखवलं. मुद्दा कराचा होता : खाद्यतेलाला कर कमी, केशतेलाला जास्त. बाटलीवर तर नुसतं 'शुद्ध खोबरेल तेल' लिहिलेलं. मग ते खायचं की लावायचं? २००९ मध्ये अबकारी खात्यानं परिपत्रक काढून सोपा उपाय शोधला होता, की २०० मिलीपर्यंतच्या बाटलीतलं ते केसांचं. म्हणजे बाटली लहान असेल तर ते डोक्याचं तेल, मोठी असेल तर पोटाचं. २०१५ मध्ये ते परिपत्रक मागं घेतलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, न्या. रंजन गोगोई म्हणाले खाण्याचं, न्या. आर. बानुमती म्हणाल्या केसांचं. शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी तिघांच्या पीठानं निकाल दिला : केसांचं म्हणून बाटलीवर लिहिलेलं नसेल, खाद्यतेलाच्या अटी पाळल्या असतील, तर बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. लहान बाटली माणूस खायला पण घेतो. आई ऐकत होती. म्हणाली, "ज्याच्याकडं पैसे कमी, तो लहानच बाटली घेणार. हे कळायला एवढी वर्षं?" न्यायमूर्तींनीही साधारण तेच म्हटलं होतं, जरा जास्त पानांत. आणि मग नियतीनं चिमटा काढला. निकालानंतर नऊ महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, केशतेलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. दोन्ही तेलं एका करात आली. एवढी मोठी लढाई, आणि शेवटी कुणीही जिंकलं तरी तेच.

मला विचाराल तर या वादात खरा निकाल फार आधी उंदरांनी दिला होता. 'पॅराशूट' तेलाच्या कंपनीचे हर्ष मारीवाला यांनी ही गोष्ट बऱ्याच वेळा सांगितली आहे. हे तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात यायचं. प्लास्टिक स्वस्त म्हणून बाटली करायची ठरली, तर दुकानदार घेईनात. आधी कुणीतरी चौकोनी बाटल्या काढल्या होत्या आणि दुकानातल्या उंदरांनी त्या कुरतडल्या होत्या. मग मारीवालांनी बाटली गोल केली, म्हणजे दातांना कडा मिळू नये, तेल बाहेर पाझरू नये याची काळजी घेतली, आणि बाटल्या उंदरांसोबत पिंजऱ्यात ठेवून दुकानदारांना त्याचे फोटो दाखवले. आज आपल्या आरशाखाली ती निळी बाटली गोल का आहे, त्यामागं हे आहे. उंदराला मात्र ते डोक्याचं की पोटाचं असा प्रश्न कधी पडला नव्हता.

शास्त्राचं म्हणाल तर ते दोन्ही बाजूंनी बोलतं. २००३ मध्ये मुंबईत, त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत, रेले आणि मोहिले या दोघांनी खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची तुलना केली. केसातली प्रथिनं झिजणं कमी करणारं एकटं खोबरेल निघालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. बाकीची वरवर राहतात. कंपनीचं तेल आणि कंपनीचीच प्रयोगशाळा, हे ध्यानात ठेवून वाचावं, पण माझ्या थोरल्या बहिणीचे केस पाहता मी वाद घालत नाही. पोटाच्या बाजूला गणित उलटं. त्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त मेद संपृक्त, आणि २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं ते खाऊ नये असाच सल्ला दिला. चेचीला हे मी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, माझी सासू एक्याण्णव वर्षांची आहे, तिच्याशी बोलतेस का?

चेचीच्या हातचं मी पहिल्यांदा खाल्लं तो प्रसंग लहानसाच. ओणमला तिनं केळीच्या पानावर अवियल, म्हणजे मिश्र भाजी, वाढलं. आई आमच्या शेजारी बसली होती, चेहरा घट्ट. वाढण्याआधी चेचीनं शेवटी चमच्यानं कच्चं तेल वरून सोडलं, कढीपत्ता चुरगळून टाकला, पातेल्यावर झाकण ठेवलं. आईचा चेहरा तिथं सैल झाला. का, ते तिनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. साताऱ्याला तिची आजी भाकरीवर ठेचा घेऊन त्यात आळं करायची आणि करडईचं कच्चं तेल असंच सोडायची, मनगट तसंच वाकवून. तेल दुसरं होतं, मनगट तेच होतं. आईनं अवियल दोनदा मागून घेतलं. मी भीत भीत पहिला घास घेतला. अगदीच डोक्यासारखा लागला, आणि तिसऱ्या घासाला डोकं विसरले.

त्यानंतर आईच्या स्वयंपाकघरात खोबरेल आलं असं मात्र झालं नाही. ती अशी बदलणाऱ्यांतली नाही. चेचीकडे गेली की खायची, घरी करायची नाही. केळ्याचे काप मात्र चेचीकडून तळून आणायची आणि पाहुण्यांना "शेजारणीनं दिलेत" सांगायची, म्हणजे तेलाची जबाबदारी शेजारणीवर.

आता चिंचवडला काय नाही मिळत? केरळी चिप्सची दुकानं दर चौकात, ती सगळी खोबरेलात तळतात आणि ते मोठ्या अक्षरांत लिहितात. लाकडी घाण्याची दुकानं निघालीत. आमच्या लिंक रोडजवळच्या एका दुकानात मी उभी राहून बघते : घाण्यात खोबऱ्याच्या वाट्या पडतात, लाट फिरते, आधी नुसता भुगा, मग ओलसर चकाकी, मग एकदम धार. किलोभर खोबऱ्यातून सहाशे ग्रॅमच्या आसपास तेल आणि बाकी पेंड. तिथं रांगेत पंचविशीतल्या आयटीतल्या मुली असतात. एकीला विचारलं कशासाठी, तर म्हणाली, "कॉफीत घालते." पुढची म्हणाली, "मेकअप काढायला." तिसरीच्या कडेवर बाळ होतं. २०२५ मध्ये भाव असे चढले की केरळातच लिटरमागं चारशेचा आकडा मागं पडला. तरी रांग होती. मी अर्धा लिटर घेतलं आणि पिशवीत बाटली ठेवताना माझ्याच लक्षात आलं, की ती आरशाखाली ठेवायची की गॅसजवळ हे मी ठरवलेलं नाही.

चेची नवऱ्याच्या निवृत्तीनंतर पालक्काडला परत गेली, त्याला बरीच वर्षं झाली. अण्णाही आता नाहीत. दर दिवाळीच्या आगेमागे कुणीतरी येणारा-जाणारा तिच्याकडून तेलाचा कॅन आणतो. तो कॅन आई फ्रीजच्या डोक्यावर ठेवते. फळीवरही नाही, गॅसजवळही नाही.

परवा सकाळी मी अवियल केलं. आई खुर्चीत बसून बघत होती. शेवटी कच्चं तेल घालायची वेळ आली तशी हात पुढं करून म्हणाली, "दे इकडं." मनगट वाकवून धार सोडली, जरा जास्तच. बोटांना तेल लागलं होतं. ते तिनं पदराला पुसलं नाही, भांगात पुसलं. मग उरलेलं तळहातांवर चोळलं, बोटांच्या फटींत, नखांच्या कडांना, मनगटापर्यंत. मी बघत राहिले तशी म्हणाली, "बघतीस काय? गॅलरीत बघ जा. बाटली उन्हात हाय, कावळा पाडंल."